सातव्या पुस्तकातला नमस्कार

मलाक्का
२ ऑक्टोबर १९९७

माननीय दुराईसिंगमसाहेब,

तुमच्या 'दीपपत्रिके'च्या ताज्या अंकात 'दूरदीप'च्या कादंबऱ्यांच्या कॅसेटींवर तुम्ही जे लिहिलंत, ते शेजारच्या रोझीने मला वाचून दाखवलं. "ज्यांना पान उलटायचाही कंटाळा, त्यांच्यासाठी या कॅसेटी आहेत. सातवी कादंबरी 'उथळ समुद्र' तर साऱ्या मालिकेत टाकाऊ. कॅसेटवाल्यांनी तिचा अर्धा भाग कापला, हेच त्यांचं एकमेव पुण्यकर्म. मात्र वाचणाऱ्या नटाने उथळ समुद्रवासीयांच्या सुप्रसिद्ध नमस्काराचा उच्चार बिघडवला, याला क्षमा नाही."

वाक्यं झोकदार आहेत. पण मला पान उलटायचा कंटाळा नाही. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि डॉक्टरांनी वाचन बंद केलंय. त्यात सुमात्राच्या पेटलेल्या जंगलांचा धूर. खिडक्या लावून घरात बसायचं, दुसरं काय. म्हणून माझ्या भाचीने पर्थहून या कॅसेटी धाडल्या. पत्रिकेची वर्गणीही तिनेच भरली. "आंटी, तू मला लहानपणी आभाळातल्या दिव्यांची गोष्ट सांगायचीस ना, तसलंच आहे हे. ऐक."

मी तुमच्यासारखी 'दूरदीप'ची मुरलेली भक्त, दीपवाली, नाही. ताऱ्यांमधले दिवे विझू नयेत म्हणून फिरणारं जहाज, त्यावरचा भारदस्त कमांडर, विलायतेतली जुनी टीव्ही मालिका, एवढंच मला ठाऊक. मी आपली भूगोलाची निवृत्त बाई.

त्या दिवशी मी मासे साफ करता करता ऐकत होते. कमांडरचं काम केलेला तो म्हातारा नटच वाचतो, त्याचा आवाज म्हणजे देवळातली घंटा. जहाज उथळ समुद्राच्या ग्रहावर उतरतं. कमरेएवढ्या पाण्यात जाळी ढकलत जवळा धरणाऱ्या बायका थांबतात, छातीशी हात नेतात, आणि म्हणतात, "ईकान बुसोक!"

माझ्या हातातली सुरी पडली. साहेब, तुम्ही याच देशातले. मलय भाषेत याचा अर्थ कुजका मासा, हे मी तुम्हांला सांगायला नको.

साऱ्या जगात एकच बाई हे दोन शब्द नमस्कार म्हणून वापरत असे. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर ईटा. आयर्लंडच्या होत्या. शिवणाच्या तासाला दारातून आत येत, छातीशी हात नेत, म्हणत, "ईकान बुसोक, मुलींनो." आम्ही गाल आतून चावत म्हणायचो, "गुड आफ्टरनून, सिस्टर." मग त्या म्हणत, "बसा. सुया काढा." आम्ही टाके घालायचो आणि त्या वाचून दाखवायच्या. वाचायचं संतचरित्र, असा नियम होता. पण शुक्रवारी संताचं पुस्तक उघडं ठेवून त्या मनाने गोष्ट सांगत. त्यांचे वडील दीपस्तंभ सांभाळायचे, म्हणून गोष्टही दिव्याचीच. उथळ समुद्रातला दिवा विझतो. ओहोटी असते तेवढ्यात एक मुलगी पाण्यातून चालत तो लावायला निघते. ती अर्ध्या वाटेवर असताना डिसेंबरची सुट्टी लागली. जानेवारीत सिस्टर ईटांच्या खुर्चीत दुसऱ्याच सिस्टर होत्या, आणि त्यांनी खरोखरच संतचरित्र वाचलं.

तीच मुलगी या कॅसेटमध्ये आहे. ती पाण्यात उतरते, बाजा वाजतो, आणि पुढच्या क्षणी दिवा लागलेला, जहाज निघालेलं! मधलं तुमच्या पुण्यकर्मात गेलं.

मला दोनच गोष्टी सांगा. पुस्तकावर ज्यांचं नाव आहे ते जे. जे. ऑर्मंड कोण? आणि ती मुलगी परत येते का?

आपली,
फिलोमीना थेसेरा


ईपोह
१३ ऑक्टोबर १९९७

कु. थेसेरा यांस,

तुमचं पत्र पोचलं. ते आम्हां दीपवाल्यांच्या सिंगापूर शाखेच्या सांगण्यावरून लिहिलेलं नाही असं मी तूर्त धरून चालतो. मागे त्यांनी कमांडरच्या नावाने मला लग्नाची पत्रिका पाठवली होती.

जे. जे. ऑर्मंड नावाचा मनुष्य नाही. ते प्रकाशकाचं ठेवणीतलं नाव. त्या नावाखाली निदान पाच-सहा जणांनी लिहिलं, आणि कोणतं पुस्तक कुणाचं यावर आमच्यात वर्षानुवर्षं भांडणं चालली आहेत. कुचिंगच्या एका दंतवैद्यांच्या मते चौथं आणि नववं एकाच हातचं, कारण दोन्हींत दातदुखी आहे. सातव्यासाठी मात्र कुणी भांडत नाही. त्यात लढाई नाही, शत्रू नाही, आणि शेवटी कित्येक पानं नुसतं पाणी. शिवाय पडद्यावर जे आलं नाही ते घडलंच नाही, हा दीपवाल्यांचा पहिला नियम. त्या हिशेबाने ती मुलगी मुळात नाहीच; मग ती परत येण्याचा प्रश्न कुठे उरतो?

आता तुमच्या 'शोधा'विषयी. पुस्तकात तो नमस्कार 'इक्'आन बू'सुक्' असा छापलेला आहे. प्रत्येक शब्दात वर एक टांगता स्वल्पविराम, आणि 'क' साधा नव्हे, घशाच्या तळातून काढायचा. सिंगापूरच्या मेळाव्यात आम्ही दर वर्षी छातीवर हात ठेवून एकमुखाने तो म्हणतो. तिथे मलय जाणणारी माणसं कमी नाहीत. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात येऊ नये? हा निव्वळ योगायोग आहे आणि नटाचा निष्काळजीपणा. मी शाकाहारी आहे. मासळीबाजारात काय ओरडतात त्याच्याशी माझा संबंध नाही.

शेवट सांगणार नाही. न वाचलेल्याला शेवट सांगायचा नाही, हा दुसरा नियम. पुस्तक मिळवा आणि वाचा. आता ते छापत नाहीत हे मला माहीत आहे. माझी प्रत प्लास्टिकच्या वेष्टनात असते आणि ती मी कुणाला देत नाही.

कळावे,
एस. दुराईसिंगम
(निवृत्त स्टेशनमास्तर)

ता. क. पुस्तकाच्या शेवटी एक शब्दार्थसूची आहे. कॅसेटवर ती नाही. वाचण्याचे असे काही फायदे असतात.


मलाक्का
२० ऑक्टोबर १९९७

माननीय स्टेशनमास्तर,

सिग्नल पडलेला असताना गाडी रोखून धरायची तुमची सवय निवृत्तीनंतरही गेलेली दिसत नाही.

तुम्ही मासळीबाजारात जात नाही, तर मीच तुम्हांला आमच्या कॉन्व्हेंटच्या मागच्या दाराशी नेते. तिथे रोज सकाळी मक सोम नावाची मासेवाली टोपली घेऊन यायची. आमची स्वयंपाकीण रोझाली दार उघडायची आणि टोपलीत पाहायच्या आधीच म्हणायची, "ईकान बुसोक!" मासा ताजा फडफडीत असला तरी म्हणायचं ते म्हणायचंच, त्याशिवाय घासाघीस सुरू कशी होणार? मक सोम हसायची, टोपली खाली ठेवायची, आणि मग दोघी पायरीवर बसून अर्धा तास भांडायच्या. सुनांपासून गुडघ्यांपर्यंत सगळं बोलून व्हायचं. सिस्टर ईटा नव्या आल्या तेव्हा त्यांची खोली त्या दारावर होती. त्यांनी रोज काय पाहिलं? एक बाई येते, दुसरी हसून दोन शब्द म्हणते, आणि मग दोघी सुखाने शेजारी बसतात. नमस्कार नाहीतर काय समजणार बिचारी?

त्यांना कुणीच सांगितलं नाही. पहिल्या दिवशी संकोच म्हणून, आणि महिना झाल्यावर फार उशीर झाला म्हणून. मदर सुपिरियरसुद्धा खोकून वेळ मारून न्यायच्या. तुम्ही असता तर सांगितलं असतंत का? समोरचा माणूस एवढ्या प्रेमाने छातीशी हात नेतोय, आणि त्याला म्हणायचं की बाई, तुम्ही आम्हांला कुजके मासे म्हणताय?

पण एक गोष्ट माझ्या मनात राहून गेली आहे. त्या शेवटच्या वर्षी बक्षीस समारंभाला शिक्षण खात्याचे एक मलय अधिकारी पाहुणे आले होते. सिस्टर ईटांनी पायऱ्या उतरून, सगळ्या सभागृहासमोर, त्यांना तोच नमस्कार केला. तो भला गृहस्थ वाकून "थँक यू, सिस्टर" म्हणाला. मागच्या रांगेत मात्र हसू फुटलं, आणि ते पसरत गेलं. सिस्टरनी मागे वळून आमच्याकडे पाहिलं. ती नजर मला आजही दिसते, पण तिचा अर्थ लागत नाही. त्यानंतर दोनच आठवड्यांत सुट्टी लागली, आणि त्या गेल्या. निरोप नाही, पत्ता नाही. वर्गात कुजबुज झाली की त्या दिवशी त्यांना खरा अर्थ कळला, आणि इतकी वर्षं आपल्याला सगळी शाळा हसत होती हे त्यांना सोसलं नाही.

त्यांना ते कळलं होतं का, आणि कळून त्या दुखावल्या का, एवढंच मला हवंय. मुलीचं नंतर सांगितलंत तरी चालेल. तुमच्या सूचीत काय लिहिलंय?

आणि एक उपकार करा. तो नमस्कार एकदा मोठ्याने वाचा. घशातून नव्हे, साध्या तोंडाने.

फिलोमीना थेसेरा


ईपोह
१६ नोव्हेंबर १९९७

प्रिय मिस थेसेरा,

उत्तराला उशीर झाला. त्याला कारण माझा हट्ट, दुसरं काही नाही.

तुमचं पत्र आलं त्या आठवड्यात मी मोठ्याने काहीही वाचलं नाही. मोठ्याने वाचणं म्हणजे कॅसेटवाल्यांपुढे मान तुकवणं, असं मला वाटत होतं. शेवटी परवा बैठकीत बसून, पुस्तक समोर धरून, साध्या तोंडाने एकदा म्हटलं. आतून माझी पत्नी पुष्पवती ओरडली, "अहो, मासेवाला दाराशी आलाय का? त्याला सांगा, हे शाकाहारी घर आहे म्हणून!"

मला सगळ्या मेळाव्यांतले ते छातीवरचे हात आठवले. गेल्या वर्षी मी अध्यक्ष होतो. माईकवरून म्हटलं होतं.

पुष्पवतीला सगळं सांगितलं. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग म्हणाली, "डोळ्यांवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाचं हे असंच होतं. त्या बाईंना काय हवंय ते द्या आधी." तेव्हा नियम बाजूला ठेवून सूची उतरवून देतो.

'इक्'आन बू'सुक्: उथळ समुद्रावरचा नमस्कार. समोरच्याने आणखी थोडा वेळ थांबावं असं ज्याला वाटतं, त्याने म्हणायचा.'

त्याखाली दुसरी नोंद आहे. हिच्याकडे आमच्यापैकी कुणी कधी लक्ष दिलं नव्हतं.

'च'यूम् धू'लू: वरील नमस्काराचं उत्तर. दुरून ठरवू नकोस, आधी जवळ ये.'

ही नोंदही मी मोठ्याने वाचली. 'च्यूम दुलू.' मलयमध्ये 'च्यूम' म्हणजे वास घेणं आणि मुका घेणंही, आणि 'दुलू' म्हणजे आधी, हे तुम्ही जाणताच. पुष्पवती चहा घेऊन येत होती. दारातच थांबली आणि म्हणाली, "या वयात?"

मला याचा उलगडा होत नाही. नमस्काराचा अर्थ तुमच्या सिस्टरनी चुकीचा समजून घेतला असेल, तर हे उत्तर कुठून आलं?

शेवटाबद्दल: तो दोन ओळींत सांगण्यासारखा नाही, हे मी या वेळी पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आलं. म्हणून पुस्तकच रजिस्टर पोस्टाने पाठवतो आहे. माझ्या हातून बाहेर जाणारं हे पहिलं पुस्तक. डोळ्यांना परवानगी मिळाली की वाचा. मासे साफ करताना नको.

तुमचा,
दुराईसिंगम


मलाक्का
२२ डिसेंबर १९९७

प्रिय दुराईसाहेब,

पुस्तक परत पाठवते आहे. वेष्टनासकट, डागाशिवाय. सोबत रव्याचा केक आहे. आमच्याकडे नाताळला करतात. अंडी आहेत, पुष्पवतीताईंना विचारून मगच खा, नाहीतर माझ्या नावाने बोटं मोडाल.

नवा चष्मा आला तशी मी वाचायला बसले. आधी सूची. 'च्यूम दुलू' हे मक सोमचं उत्तर होतं! रोझाली म्हणायची, "कुजका मासा!" आणि मक सोम टोपली तिच्या नाकाखाली नेऊन म्हणायची, "आधी वास घेऊन बघ!" कधी गाल पुढे करून म्हणायची, मग त्याचा दुसरा अर्थ व्हायचा आणि दोघी पायरीवर लोळायच्या. मी तुम्हांला हे लिहिलं नव्हतं, कारण मी ते विसरूनच गेले होते. मागच्या बाकावरच्या आमच्यातल्या वात्रट पोरी सिस्टरच्या नमस्काराला ओठांतल्या ओठांत हेच उत्तर द्यायच्या.

म्हणजे त्यांना ऐकू जात होतं. आणि कळतही होतं. घासाघीस म्हणजे समोरच्याला थोडा वेळ थांबवून घेणं, हा अर्थ ज्याला नुसता नमस्कार वाटला त्याला सुचणार नाही. ज्याला कुजका मासा माहीत आहे त्यालाच तो लिहिता येईल.

मग शेवट वाचला. तुम्ही त्याला 'नुसतं पाणी' म्हणाला होता. मुलगी दिवा लावते, पण तोवर भरती सुरू झालेली असते. दिव्याचा उजेड वरच्या जहाजांसाठी, खाली पाण्यावर काळोख. किनारा कुठे आहे ते तिला दिसत नाही. इतक्यात किनाऱ्यावरून बायका एकेक करून हाक देतात, "इक्'आन बू'सुक्!" ती आवाजाच्या दिशेला पाऊल टाकते आणि ओरडते, "च'यूम् धू'लू!" पुन्हा हाक, पुन्हा उत्तर. पाणी छातीला लागतं, खांद्याला लागतं. दर हाकेला एक पाऊल. आणि या सगळ्या पानांत दुसरं काहीच घडत नाही.

रोझीच्या आईला मी हे मोठ्याने वाचून दाखवलं. तिचा नवरा असाच जवळा धरायला पाण्यात जायचा, समुद्रावर भराव पडण्याआधी. ती म्हणाली, धुकं असलं की आम्ही बायकाही किनाऱ्यावरून त्याला हाका मारायचो, नाव घेऊन नव्हे, काहीतरी शिवी नाहीतर थट्टा करून, म्हणजे त्याला चिडून उत्तर द्यावंसं वाटेल. सिस्टर ईटा संध्याकाळी समुद्राकडे फिरायला यायच्या. त्यांनी ऐकलं असणार.

म्हणजे त्यांना कळलं होतं, हे कळलं. दुखावल्या का, ते पुस्तकात नाही. त्या जिवंत असतील का हो?

तुमची,
फिलोमीना


ईपोह
९ मार्च १९९८

प्रिय फिलोमीना,

केक पुष्पवतीने माझ्या आधी संपवला. अंड्यांबद्दल ती म्हणाली, "मोठ्याने वाचलंत तर आहेत, मनात वाचलंत तर नाहीत."

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर मी जुनं वेळापत्रक उलगडावं तसा बसून विचार केला. पुस्तक अठरा वर्षांपूर्वीचं, प्रकाशनसंस्था बुडाली, तिकडे वाट बंद. मग आठवलं, त्या नटाने उच्चार बरोबर केला होता! टांगते स्वल्पविराम समोर असताना, मलयचं अक्षरही माहीत नसताना, बरोबर केला. म्हणजे कुणीतरी त्याला सांगितला. आणि कॅसेट तर दोनच वर्षांपूर्वीची. ज्या उच्चारावर मी क्षमा नाही असं छापलं, तोच आपला धागा.

कॅसेट काढणाऱ्यांना पत्र टाकलं. आज उत्तर आलं. वाचनाच्या आधी त्यांच्या एका बाईने लेखिकेला फोन करून सगळे उच्चार विचारून घेतले होते. लेखिकेचं नाव कु. ऊना गार्व्ही; 'ईटा' हे कॉन्व्हेंटमध्ये घेतलेलं नाव असणार. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एका वृद्धाश्रमात असतात. दृष्टी गेलेली आहे. पत्ता मागच्या पानावर देतो.

दृष्टी नाही, म्हणून पत्र कुणीतरी वाचून दाखवेल. जपून लिहा.

आता माझी अडचण. हा शोध 'दीपपत्रिके'त छापला तर लंडनपासून टोकियोपर्यंत खळबळ माजेल. कुचिंगचे दंतवैद्य गप्प बसतील, सिंगापूरवाले माझे पाय धरतील. एवढं मोठं काही माझ्या हाती कधी आलं नव्हतं आणि पुन्हा येणार नाही. पण छापलं की मेळाव्यात तो नमस्कार पुन्हा कुणी तशा भाबडेपणाने म्हणणार नाही. तुमच्या शाळेने ज्या कारणाने तोंड मिटून ठेवलं, ते मला आत्ता कुठे कळतंय. काय करू?

दुराई


मलाक्का
२५ जून १९९८

प्रिय दुराई,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला द्यावं लागलंच नाही. एप्रिलच्या अंकात तुम्ही एवढंच छापलंत: "'उथळ समुद्र'विषयी संपादकांनी आपलं मत बदललं आहे. कारण विचारू नये. तसेच नमस्काराचा नटाने केलेला उच्चारच प्रमाण मानावा." आता सगळे दीपवाले तो साध्या तोंडाने म्हणू लागले, तर सिंगापूरच्या मेळाव्यात एखादा हॉटेलचा वाढपी हातातली थाळी पाडेल. मला तिथे हजर राहायचंय.

मी त्यांना लिहिलं. फार नाही. मी फिलोमीना, खिडकीजवळच्या बाकावरची, काजं नेहमी वाकडी करणारी. सातवं पुस्तक ऐकलं आणि मग वाचलं. आणि बक्षीस समारंभाबद्दल विचारलं.

परवा इथे संत पेद्रोच्या सणासाठी होड्या रंगवायची धांदल चालली होती, त्यात टपालवाला छोटं पुडकं देऊन गेला. पत्र नव्हतं. कॅसेट होती. तुमच्या नावडत्या जातीची.

दार लावून ऐकली. आवाज पातळ झालाय, पण तोच. त्या म्हणतात, त्यांना तिसऱ्याच महिन्यात कळलं होतं. रोझालीला राहवलं नाही, ती रडत रडत सांगून गेली. "मी रात्रभर लाजेने जागी होते. सकाळी ठरवलं की आजपासून बंद. वर्गाच्या दारात आले, तर तुम्ही सगळ्या गाल आत ओढून तयार बसलेल्या. घरापासून इतक्या लांब, माझ्या येण्याची अशी वाट पाहणारं दुसरं कोण होतं? मी म्हणून टाकलं. मग म्हणतच राहिले." समारंभाच्या दिवशी मात्र ते सवयीने तोंडातून निसटलं. "मागे वळून पाहिलं ते तुम्ही हसताय की घाबरलाय हे बघायला. हसत होतात. मग ठीक होतं."

आणि त्या गेल्या त्या वडिलांसाठी. त्यांचा आजार कळला. बदली झालेल्या सिस्टरने निरोप घ्यायचा नाही, असा तेव्हा नियम होता. तुमच्यासारखेच नियमवाले होते ते. वडिलांमागे त्या परत आल्या नाहीत, आणि पुढे सिस्टरांचा संघही सोडला. टीव्हीवर दिव्यांची मालिका लागली, कादंबऱ्यांसाठी लेखक हवेत अशी जाहिरात आली, तेव्हा अर्धवट राहिलेली शुक्रवारची गोष्ट आठवली. "शेवट तुम्हांला सांगायचा होता. पत्ते नव्हते. म्हटलं, पुस्तक जगभर जातं, तुमच्यातल्या एखादीला भेटेल. प्रकाशकाने शब्दांवर ते स्वल्पविराम टांगले, परग्रहावरचे वाटावेत म्हणून. म्हटलं, आता माझ्या मुली कशा ओळखणार?"

कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला त्यांनी कापलेला सगळा शेवट म्हटलाय. दृष्टी नाही, म्हणून पाठ. तुम्ही आणि पुष्पवतीताई जुलैत इकडे या. कॅसेट मी पोस्टाने पाठवणार नाही. माझंही तुमच्या वेष्टनासारखंच आहे. शाकाहारी स्वयंपाक करीन, रोझी हसेल, तिला हसू दे.

सुरुवात मुद्दाम शेवटी ठेवली होती, ती आता सांगते. कॅसेट लावली तेव्हा आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "ईकान बुसोक, मुलींनो." आणि पुढे काहीच नाही. नुसती फीत फिरल्याची खरखर. मला वाटलं, टेप अडकली. मी ती बंद केली, काढून पाहिली, पुन्हा लावली. पुन्हा तेच दोन शब्द, पुन्हा तीच शांतता. आत कुठेतरी घड्याळ वाजत होतं, त्यांचा श्वास ऐकू येत होता. टेप ठीक होती. त्या थांबल्या होत्या.

मी पुन्हा मागे घेतली. आणि या वेळी शांतता आली तेव्हा, स्वयंपाकघरात एकटी उभी राहून, मागच्या बाकावरच्या पोरीसारखी नव्हे, चांगली मोठ्याने म्हटलं, "च्यूम दुलू, सिस्टर."

जरा वेळ गेला. मग त्या म्हणाल्या, "छान. बसा. सुया काढा."

तुमची,
फिलोमीना